'आतुरतेने' म्हणजे नेमके कसे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या आठवीतल्या नातीने इंग्रजीच्या स्वाध्यायाची वही आमच्यापुढे आणून ठेवली. रिकाम्या जागी योग्य क्रियाविशेषण भरावे, असा प्रश्न होता. वाक्याचा अर्थ असा : 'आम्ही तुमच्या आगमनाची अमुक रीतीने वाट पाहत आहोत.' खाली चार पर्याय होते : ईगरली, अँक्शसली, एक्सायटेडली आणि होपफुली. नातीने पहिल्या पर्यायावर खूण करून ठेवलीच होती. तिला आमची केवळ मान हललेली हवी होती. आम्ही विचारले, "वाट कोण पाहतंय? आणि येणार कोण आहे?" ती म्हणाली, "आजोबा, ते दिलेलं नाही. बाई म्हणाल्या, उत्साह दाखवायचा असेल तर ईगरली लिहायचं."

'ते दिलेलं नाही' हे तिचे उत्तर आमच्या मनातून काही केल्या जाईना. आजच्या भाषाशिक्षणाचे सारे दुखणे त्या तीन शब्दांत आले आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले. वाट पाहणारा कोण, येणारा कोण आणि तो येताना काय घेऊन येणार आहे, हे ठाऊक असल्यावाचून वाट 'कशी' पाहिली जाते हे कोणत्या शास्त्राने सांगावे? तरीही मुलांना उत्तर द्यावे लागते आणि त्यांना त्याबद्दल गुणही मिळतात. यातून मूल एवढेच शिकते की, उत्साहाचे क्रियाविशेषण म्हणजे मंडपाच्या झिरमिळ्या. जितक्या अधिक लावाव्यात तितकी शोभा अधिक. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. असे क्रियाविशेषण ही लिहिणाराची जबानी असते. 'मी तुमच्यासाठी अमुक रीतीने थांबलो आहे' असे तो त्यातून लिहून देत असतो, आणि लिहून दिलेल्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

प्रथम त्या चार पर्यायांचीच झडती घेऊ. 'ईगर' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ 'तीक्ष्ण' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि 'व्हिनेगर' या नावाचा उत्तरार्ध त्याचाच भाऊबंद आहे. 'अँक्शस'च्या मुळाशी गळा आवळण्याची क्रिया आहे. 'एक्सायटेड' म्हणजे चेतवलेला, ढवळून निघालेला. 'होपफुली' म्हणजे आशेने. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे आम्ही जाणतो. पण मुळाची चव शब्दाला पुष्कळ काळ राहते. लग्नघरी येणाऱ्या आत्याबाईंची वाट ईगरली पाहिली जाते. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बसलेला मुलगा डॉक्टरांची वाट अँक्शसली पाहतो. नवरात्रात चणियाचोळी घालून मैत्रिणींच्या हाकेकडे कान लावून बसलेली मुलगी एक्सायटेडली वाट पाहते. नोकरीचा अर्ज टाकून पोस्टमनच्या सायकलीकडे पाहणारा उमेदवार होपफुली वाट पाहत असे. 'उमेदवार' या फारसी शब्दाचा अर्थच मुळी आशा बाळगणारा असा आहे. चारही माणसे वाटच पाहत आहेत, पण त्यांच्या जागा अदलाबदल करून पाहा. डॉक्टरांची वाट एक्सायटेडली पाहणारा मुलगा आपल्याला कसा वाटेल?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'अँक्शस' हा शब्द 'उत्सुक' या अर्थानेही इंग्रजीत दीर्घकाळ वापरला जात आहे आणि कोशांनी तो अर्थ नोंदविला आहे. 'होपफुली'चा 'आशा आहे की' असा वाक्यारंभीचा वापर बरोबर की चूक, यावर अमेरिकेत कित्येक दशके वाद चालला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो वापर २०१२ साली मान्य केला. म्हणजे ज्यांची ती भाषा आहे, ते एका क्रियाविशेषणासाठी इतकी वर्षे भांडतात, आणि आपण ते मुलांना खूण करण्यासाठी चार खोक्यांत घालून देतो.

हा किस पाडण्याचा उद्योग आहे, असे कोणास वाटेल, म्हणून घरातलाच एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी घेऊन तापी शहरात शिरली, त्या वेळी आम्ही शासकीय सेवेत होतो. वीज नाही, दूरध्वनी नाही, खाली पाणी आणि वर गच्ची, अशी शहराच्या फार मोठ्या भागाची स्थिती होती. पाणी ओसरले, वीज आली, तेव्हा परदेशी असलेल्या एका भाच्याचे इंग्रजी ई-पत्र आमच्या हाती पडले. त्यात लिहिले होते की, तो आणि त्याची पत्नी आमच्याकडील बातमीची 'ईगरली' वाट पाहत होती. वाचून आम्हांस हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. क्रिकेटच्या सामन्याच्या निकालाची वाट पाहावी तशी आमच्या बुडण्या-तरण्याची वाट पाहत होता की काय? पुढे कळले की, तो दोन रात्री झोपला नव्हता आणि मिळेल त्या क्रमांकावर दूरध्वनी करीत होता. जो गळा आवळल्यासारखा तळमळत होता, त्याने स्वतःबद्दल लिहिले मात्र 'ईगरली', कारण लहानपणी त्यालाही कोणा बाईंनी तेच शिकविले असणार. चुकीच्या क्रियाविशेषणाने अन्याय केला तो आमच्यावर नव्हे, त्याच्यावरच.

यावर उपाय म्हणून कोणी म्हणेल, इंग्रजी आणखी शिकवा. आम्ही म्हणतो, अवश्य शिकवा. इंग्रजीचा द्वेष करणाऱ्यांच्या मेळाव्यात आम्ही नाही. परंतु ज्या मुलाला मराठीतल्या वाट पाहण्याच्या तऱ्हा ठाऊक नाहीत, त्याला इंग्रजीतल्या कशा कळाव्यात? आपल्या भाषेचे भांडार तर पाहा. उत्सुकतेने, उत्कंठेने, आतुरतेने, अधीरपणे, असोशीने, उमेदीने, हौसेने, हिरिरीने, लगबगीने, आवर्जून, अगत्याने! यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'हौसेने' केलेल्या कामात उपयोगाचा हिशेब नसतो. 'हिरिरीने' म्हटले की चढाओढ आली. 'आवर्जून' म्हटले की इतर कामे बाजूला सारली. 'असोशीने' म्हटले की उपाशी माणसाने पानावर बसावे तशी ओढ आली. आणि या ओढीचा अतिरेक झाला की, त्याची टर उडविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी गुडघ्याला बाशिंग बांधणारा उतावळा नवरा म्हणीत बसवून ठेवला आहे.

आणखी गंमत पाहा. इंग्रजी 'ईगरली'साठी आपले भाषांतरकार डोळे मिटून 'आतुरतेने' लिहितात. पण संस्कृतात 'आतुर' म्हणजे पीडित, रोगी. आयुर्वेदात रुग्णाला आतुर म्हणतात, आणि मरण समोर दिसू लागल्यावर घेतलेल्या संन्यासास आतुरसंन्यास हेच नाव आहे. उलट 'उत्कंठा' या शब्दात मान वर करून पाहणारे माणूस आहे. एकाचा कंठ उंचावलेला आणि दुसऱ्याचा जीव कासावीस झालेला. तेव्हा 'आतुरतेने' हा शब्द खरे तर 'अँक्शसली'च्या शेजारी राहणारा आहे. मराठीत आज त्याचा अर्थ सौम्य झाला आहे, हे मान्य. पण घराचे छप्पर कोसळलेला माणूस मदतीची वाट पाहतो तो 'आतुरतेने', आणि नव्या चित्रपटाची वाट पाहायची ती 'उत्सुकतेने', एवढा विवेक आपल्या आजीपाशी होता. आज वृत्तपत्रातल्या जाहिरातीपाशी तो नाही.

आपल्या सुरतकर मराठी घरांना या बाबतीत एक जादा सोय आहे आणि तिची आपल्याला किंमत नाही. आपल्या घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी. मराठी 'वाट पाहते', गुजराती 'वाट जोते'. दोघींची नजर रस्त्यावरच. आपण 'हौसेहौसेने' म्हणतो, शेजारच्या भाभी 'होंशे होंशे' म्हणतात. पण पुढे पाऊल जपून टाकावे लागते. गुजरातीत 'उतावळ' म्हणजे साधी घाई. 'उतावळे आंबा न पाके' या म्हणीत ती घाईच आहे. मराठीत मात्र 'उतावीळ' म्हटले की माणसाच्या स्वभावावर शेरा पडला. गुजरातीत 'अगत्यनुं काम' म्हणजे महत्त्वाचे काम. मराठी 'अगत्य' शब्दातही गरजेचा व महत्त्वाचा तो अर्थ आहेच. पण 'अगत्याने' म्हणताच त्यात दाराशी उभा असलेला यजमान येतो, पाटावर बसविणारा हात येतो, आणखी एक वाढण्याचा आग्रह येतो. ज्या शहराच्या जेवणाची जोड काशीच्या मरणाशी घातली जाते, त्या शहरात राहून 'अगत्याने' हा शब्द आपल्या मुलांना ठाऊक नसावा, ही शरमेची गोष्ट आहे. तीन भाषांची ही झटापट ज्या मुलाने जेवताना ऐकली, त्याला 'ईगरली' आणि 'अँक्शसली' यांतला भेद शिकवावा लागत नाही. तो त्याच्या कानाला लागलेला असतो.

क्रियाविशेषणांची उधळपट्टी कोठे नेऊन सोडते, हे आम्ही सरकारी कचेरीत पुरेपूर पाहिले आहे. आम्ही नोकरीत लागलो तेव्हा पाकिटावर 'ताकीदनुं' असा लाल शिक्का दिसला की, हातातला चहा खाली ठेवून माणूस पाकीट फोडीत असे. मग कोणा चतुर कारकुनाच्या ध्यानात आले की, शिक्का मारल्याने काम लवकर होते, आणि सगळ्याच पाकिटांवर शिक्का येऊ लागला. त्यावर तोड म्हणून 'अति ताकीदनुं' आले. तेही सर्वत्र झाले. मसुद्याच्या अखेरीस 'सत्वरे घटतुं करवा विनंती' लिहिल्याशिवाय खालचा माणूस सही घेण्यास येत नसे. सेवानिवृत्तीच्या सुमारास टेबलावरचा एकूण एक कागद अति तातडीचा होता आणि म्हणून एकही तातडीचा नव्हता. खरोखर घाईचे काम असले तर आम्ही उठून स्वतः चालत जात असू, कारण शब्दांवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. घरातल्या भाषेचेही हेच होऊ घातले आहे. सहलीला जायचे, एक्सायटेड. नवा मोबाइल यायचा, एक्सायटेड. आजी रुग्णालयातून घरी यायची, तरी एक्सायटेडच. ज्या दिवशी खरोखर काही सांगायचे असेल, त्या दिवशी हे मूल कोणता शब्द काढील? की आमच्यासारखे उठून चालत जाईल?

लग्नपत्रिकांची गोष्ट निराळी नाही. 'अगत्य येण्याचे करावे' एवढ्या एका ओळीवर पूर्वी गावेच्या गावे मांडवात येत. गुजराती पत्रिकेत यजमान स्वतःस 'दर्शनाभिलाषी' म्हणवितो, आणि घरातल्या लेकराच्या नावाने 'जलूल जलूल आवजो' असे बोबडे निमंत्रण छापलेले असते. त्या 'जलूल'वर आमचा मुळीच राग नाही. 'जरूर' या शब्दाला लेकराच्या तोंडी घालून दिलेली ती गोडी आहे, आणि निदान त्यात कोणीतरी बोलत आहे असे वाटते. राग आहे तो आपल्या अलीकडच्या पत्रिकांवर. त्यांत इंग्रजीतून 'ईगरली', मराठीतून 'आतुरतेने' आणि वर 'मनःपूर्वक', 'सस्नेह', 'साग्रह' अशी पाच-पाच क्रियाविशेषणे असतात. आपण वेळेवर पोहोचावे, तर दाराशी 'या, बसा' म्हणण्यास घरचे एकही माणूस नाही. छायाचित्रकारापुढे सारे उभे! पाच शब्दांनी बोलावले आणि एकाही माणसाने ओळखले नाही, हा अनुभव आमच्या वयाच्या कोणत्या वाचकास नाही?

हे सारे सुरतेत घडावे, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. ज्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर अध्यापनाच्या नोकरीनिमित्त याच गावी राहिले, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथेच मानवधर्मसभा स्थापिली. एक मराठी वैयाकरण आणि एक गुजराती शिक्षक एका सभेत बसून वाद करीत, ते हे गाव. गुजराती भाषेचा 'नर्मकोश' ज्याने एकहाती रचून १८७३ साली प्रसिद्ध केला, तो नर्मदाशंकर याच गावचा. एकेका शब्दाचा अर्थ नेमका पकडण्यासाठी आयुष्ये वेचलेल्या माणसांच्या गावात आपण 'खूप एक्सायटेड' या दोन शब्दांवर दिवस काढावेत काय?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, भाषा बदलतेच. 'एक्सायटेड' आला तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. 'हौस' अरबी 'हवस' शब्दापासून आली, 'उमेद' फारसीतून आली, 'जरूर' तर आपण पत्रिकेवर छापतो. परका शब्द घरात आला म्हणून रडणारे आम्ही नव्हे. पण हौस आली तेव्हा तिने उत्कंठेला घराबाहेर काढले नाही. ती आपली जागा पाहून बसली. आलेल्या एका शब्दाने दहा जणांना हुसकून लावावे, हे पाहुण्याचे लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप असा की, नोकरीच्या अर्जात, महाविद्यालयाच्या प्रवेशपत्रात उत्साह दाखवावाच लागतो. थंड लिहिले तर मूल मागे पडेल. आम्ही नोकरीत असताना अर्जांचे गठ्ठे वाचले आहेत. 'अत्यंत उत्साहाने' काम करण्यास उत्सुक असलेले सारेच होते. 'मी तीन उन्हाळे वडिलांच्या दुकानात हिशेब लिहिला आहे' असे सांगणारा एखादाच असे, आणि आठवतो तो तोच. तिसरा आक्षेप असा की, आता यंत्रच पत्र लिहून देते. शब्द निवडण्याची कटकट माणसाने का करावी? यंत्र मसुदा देईल, शब्दही सुचवील. पण येणाऱ्या पाहुण्यासाठी दाराशी जाऊन उभे राहणे तुमच्याचकडे उरते. मग त्या उभे राहण्याला नाव कोणते द्यायचे, हेही तुम्हीच ठरविलेले बरे.

या प्रकरणात आमचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत, हेही नमूद करतो. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. आम्ही स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि आमच्या मुलांना मात्र इंग्रजी शाळेत घातले. घरी मराठी राहीलच, असे तेव्हा आम्ही ठामपणे म्हणत होतो. घरी मराठी राहिली खरी. पण ती जेवायला ये, दिवा लाव, चप्पल बाहेर काढ, एवढ्यापुरती राहिली. क्रिया टिकल्या आणि त्यांची विशेषणे गेली. दोष शाळेतल्या बाईंवर ढकलून आम्हांस मोकळे होता येणार नाही.

आमची आई फारशी शिकलेली नव्हती. थोरले बंधू पुण्यास शिकत असताना ती त्यांना निळ्या आंतर्देशीय पत्रात शेवटची ओळ एकच लिहीत असे : 'वाट पाहते.' त्याला ना क्रियाविशेषण, ना उद्गारचिन्ह. सुटी लागून बंधू यायच्या दिवशी गाडीला कितीही उशीर झाला तरी ती जेवत नसे. त्यांचे ताट वाढून, वर दुसरे ताट झाकून ती ओट्यापाशी बसून राही. ती वाट उत्कंठेची होती, काळजीची होती की असोशीची, हे तिने कधी लिहिले नाही. बंधूंना ते ठाऊक होते. जेथे एवढे ठाऊक असते तेथे क्रियाविशेषण लागत नाही. जेथे ते ठाऊक नसते तेथे खरे तेवढेच लिहावे, असा आमच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे.

म्हणून वाचकांपुढे दोन सूचना ठेवतो. घरातले मूल इंग्रजी क्रियाविशेषण पाठ करू लागले की, त्यास तीन प्रश्न विचारावेत : वाट कोण पाहतो, कोणाची पाहतो, आणि येणारा आला नाही तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात योग्य शब्द सापडतो. त्यानंतर त्या शब्दाचे मराठी व गुजराती भाऊबंद त्याच्या कानावर घालावेत. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी सूचना आपल्या मंडळास. यापुढे वार्षिक सभेच्या निमंत्रणपत्रात 'अगत्याने यावे' एवढे एकच छापावे, आणि सभेच्या दिवशी कार्यकारिणीतील दोघांनी पहिला अर्धा तास दाराशी उभे राहावे. उभे राहण्यास कोणी तयार नसेल, तर 'यावे' इतकेच छापावे. तेही खोटे ठरणार नाही.

नातीच्या वहीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तिने 'ईगरली'वरची खूण तशीच ठेवली, आणि खाली बारीक अक्षरांत मराठीत लिहिले : 'पाहुणे येणार असतील तर. बातमी येणार असेल तर दुसरा.' बाईंनी याला गुण दिला की नाही, हे अद्याप कळलेले नाही. त्याची आम्ही उत्सुकतेने वाट पाहत आहोत, आतुरतेने नव्हे.